काटेवाडीच्या शारदाबाई



आपल्या आईच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालवणाऱ्या कुटुंबाची मी ऋणी आहे. त्यांनी मला विषय दिला तो थोडक्यात असा : संसाराला आणि लेकरांना वाहिलेल्या स्त्रीचं स्मरण. या विषयावर गोड बोलणं सोपं आहे. आई म्हटलं की आपला आवाज आपोआप मऊ होतो, मग त्याग, माया, कष्ट असे चार शब्द येतात आणि डोळे पाणावून आपण घरी जातो. आज मला तसं करायचं नाही. आज मला त्या कामाबद्दल बोलायचं आहे. सकाळपासून रात्रीपर्यंत या बाईनं नेमकं काय केलं, कोणते निर्णय घेतले, कशाची जबाबदारी उचलली, हे आपण कधी विचारत नाही. म्हणून तिची आठवण एका पिढीत पुसट होते आणि दुसऱ्या पिढीत नावही उरत नाही.

आपल्याच मातीतलं जुनं उदाहरण घ्या. शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे इंदापूरच्या लढाईत पडले. इंदापूरला त्यांची गढी आहे, हे इथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असतं. त्यांच्यामागे राहिल्या उमाबाई, फलटणच्या निंबाळकरांची लेक, आणि शहाजी-शरीफजी ही दोन लहान मुलं. त्या बाईनं पुढं काय केलं? मुलं कशी वाढवली, घर कसं धरून ठेवलं? दीर विठोजीराजांनी सांभाळ केला, इतकं आपण वाचतो आणि पान उलटतो. रणात पडलेल्याची नोंद राहिली आणि मागं उभं राहिलेल्या बाईची राहिली नाही. चारशे वर्षांपूर्वीची गोष्ट म्हणून ती सोडून देता येईल. पण शंभर वर्षांच्या आतली, इथून हाकेच्या अंतरावरची एक बाई आहे. तिच्याबद्दल बऱ्याच गोष्टी आपल्याला माहीत आहेत, आणि तरीही आपण तिला मुलाच्या नावानंच ओळखतो. काटेवाडीच्या शारदाबाई गोविंदराव पवार.

सभागृहात सगळ्या पक्षांची मंडळी बसली आहेत, याची मला जाणीव आहे. मी राजकारणावर बोलायला आलेले नाही. शारदाबाईंचा मुलगा शरद पवार यांचं राजकारण कुणाला पटतं, कुणाला पटत नाही. शारदाबाईंचं काम त्या वादाच्या फार आधीचं आहे आणि ते स्वतंत्रपणे पाहण्याजोगं आहे.

शारदाबाईंचा जन्म 12 डिसेंबर 1911 चा. माहेरच्या त्या भोसले, कोल्हापूरकडच्या पन्हाळा तालुक्यातल्या गोलिवडे गावच्या. शिक्षण झालं पुण्यात, सेवासदनमध्ये. इथं क्षणभर थांबायला हवं, कारण सेवासदन हे नाव आता नुसतं एका शाळेचं वाटतं. रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी 1909 मध्ये पुण्यात ते सुरू केलं. रमाबाई स्वतः लग्नानंतर शिकल्या. नवरा शिकवायला बसला की घरातल्या बायकांचे टोमणे ऐकायचे, अबोला सोसायचा आणि तरी पाटीवर अक्षरं गिरवायची, हे त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. त्यांचे पती न्यायमूर्ती रानडे 1901 मध्ये गेले. त्यानंतरचं आपलं सारं आयुष्य रमाबाईंनी इतर बायकांना शिकवण्यात घातलं. सेवासदनात लग्न झालेल्या येत, विधवा येत. लिहिणं-वाचणं, शिवण, पुढं शिक्षिकेचं आणि परिचारिकेचं शिक्षण तिथं मिळे. तिथून बाहेर पडलेल्या मुलीला एक गोष्ट नक्की कळलेली असे : संसार करणारी बाई चार भिंतींबाहेरच्या कामाला नालायक ठरत नाही.

ती समजूत घेऊन शारदाबाई काटेवाडीच्या सून झाल्या.

त्या वेळची काटेवाडी डोळ्यांसमोर आणा. बारामतीहून इंदापूरच्या वाटेला लागलं की हे गाव लागतं, पुढं इंदापूर तालुक्यातलं सणसर. तुकोबांची पालखी इथूनच जाते. आजही काटेवाडीत परीट मंडळी पालखीपुढं धोतरांच्या पायघड्या घालतात आणि मेंढ्यांचं रिंगण होतं. नीरेचा डावा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या भागात आला आणि एकाच तालुक्याचे दोन तालुके झाले. कालव्याखालची गावं बागायत, बाकीची जिरायत. बागायत म्हणजे नुसती सुबत्ता नव्हे. पाण्याची पाळी रात्री-बेरात्री येते, पाटाला माणूस उभं राहावं लागतं, ऊस उभा राहिला की गुऱ्हाळ, गूळ, बाजार, हिशेब. गोविंदराव सहकाराच्या कामात होते, नीरा कालव्यावरच्या शेतकऱ्यांच्या खरेदी-विक्रीच्या व्यवहारात त्यांची नोकरी. नवरा संस्थेत आणि शेत घराजवळ, असं असलं की शेत कोण पाहणार, हे मी या सभागृहात सांगायची गरज नाही. शारदाबाईंनी शेत पाहिलं. सात मुलगे आणि चार मुली, अकरा लेकरांचा संसार पाहिला. आणि 1938 साली त्या पुणे जिल्हा लोकल बोर्डावर निवडून गेल्या.

तेव्हा त्या सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या होत्या. ग्रामीण भागातून अशा बोर्डावर गेलेल्या अगदी पहिल्या बायकांत त्यांची गणना होते. लोकल बोर्ड म्हणजे आजच्या जिल्हा परिषदेचं जुनं रूप, जिल्हा परिषदा आल्या 1962 मध्ये. रस्ते, विहिरी, धर्मशाळा, दवाखाने, देवी टोचणं, शाळांचे प्रश्न, म्हणजे खेड्यातल्या बाईला दररोज ज्याची झळ लागते तेच सगळं बोर्डापुढं यायचं. विहिरीचं पाणी आटलं तर घागर घेऊन लांब कोण जातं? दवाखाना नसला तर तापलेलं पोर काखेला मारून कोण चालतं? ज्यांचा हा रोजचा प्रश्न त्यांच्यातली एक बाई टेबलाशी बसली, हे त्या निवडणुकीचं खरं मोल. त्या काळात बायकांच्या मताचीच काय अवस्था होती, ते ऐका. 1935 च्या कायद्यानं प्रांतिक निवडणुकीत पुष्कळ बायकांना मत मिळालं, पण नवऱ्याच्या मिळकतीच्या जोरावर, अमक्याची बायको म्हणून. अशा काळात एक सून स्वतःच्या नावानं निवडून येते आणि पुण्याला सभेत जाऊन बसते.

आता तो प्रसंग, जो शरद पवारांनी वेळोवेळी सांगितला आहे. 12 डिसेंबर 1940. त्या दिवशी शारदाबाईंना एकोणतीस वर्षं पूर्ण झाली आणि त्याच दिवशी त्यांना मुलगा झाला. तिसऱ्या दिवशी बोर्डाची बैठक होती. तीन दिवसांचं ते बाळ कुशीत घेऊन शारदाबाई पुण्याला बैठकीला गेल्या.

ही गोष्ट आपण पुढाऱ्याच्या चरित्रातली गंमत म्हणून ऐकतो. राजकारणाचं बाळकडू तिसऱ्या दिवशी मिळालं, असं म्हणतो आणि टाळ्या वाजवतो. टाळ्या वाजतात बाळासाठी. मला मात्र त्या बाळंतिणीकडं पाहावंसं वाटतं. या सभागृहातल्या ज्या ज्या आया आहेत त्यांना तिसरा दिवस म्हणजे काय हे ठाऊक आहे. पाचवी पुजलेली नाही, सटवाईनं अजून कपाळावर काही लिहिलेलं नाही. अंगावर दूध उतरायला लागलेलं असतं आणि छाती दगडासारखी झालेली असते. कंबर बांधलेली, कानाला फडकं, खोलीत शेगडी, दाराला पडदा. सव्वा महिना उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही, हा आपला रिवाज, आणि त्या रिवाजात बाईच्या शरीराला मिळणारी थोडीशी उसंतही होती. डिसेंबरची थंडी. काटेवाडी ते पुणे शंभर किलोमीटरच्या घरातलं अंतर, त्या वेळच्या रस्त्यांचं आणि गाड्यांचं. तिथं गेल्यावर बैठकीत बसायचं, कामकाज ऐकायचं, मत द्यायचं, मध्येच पोर रडलं तर त्याला पाजायचं. कुठं पाजलं असेल? बोर्डाच्या इमारतीत तशी जागा असेल, असं मला वाटत नाही.

त्या का गेल्या? आज कुणी त्यांच्या वतीनं उत्तर देऊ नये, मीही देणार नाही. इतकंच म्हणते की बैठक चुकवली असती तर त्यांना कुणी नाव ठेवलं नसतं. बाळंतीण होत्या, सगळ्यांनी समजून घेतलं असतं. पण आपण हजर नसलो तर आपल्या भागाचं काम मागं पडेल, असं ज्या माणसाला वाटतं तो माणूस कामाला कसा भिडलेला असतो, ते यातून दिसतं. आणि त्याच वेळी मला हेही ठणकावून सांगायचं आहे की कुठल्याही बाईकडून अशी अपेक्षा कुणी धरू नये. त्यांच्या धैर्याचं कौतुक करून ती वेळ त्यांच्यावर आली याकडं डोळेझाक करणं, हा त्यांचा सन्मान नव्हे. मुंबई प्रांतात कारखान्यातल्या बायकांसाठी बाळंतपणाच्या रजेचा कायदा 1929 मध्ये झाला होता. गिरणीतल्या बाईला थोडी तरी सोय मिळाली. शेतातल्या बाईला नाही, मजुरीवरच्या बाईला नाही आणि निवडून आलेल्या बाईलाही नाही.

शेतातल्या बाईला ती आजही नाही. बारामती आणि इंदापूर या आपल्या दोन्ही तालुक्यांत साखर कारखाने आहेत. माळेगाव, सोमेश्वर, तिकडं इंदापुरात भवानीनगरचा छत्रपती, कर्मयोगी आणि नीरा-भीमा. दिवाळी झाली की तोडणीच्या टोळ्या येतात. टोळीची मोजदाद कोयत्यावर. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल घेतली जाते जोडीच्या नावानं, आणि पैसे येतात नवऱ्याच्या हातात. पहाटे तीनला फडात जायचं, उसाचं वाडं साळायचं, मोळी बांधायची, ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं, मग खोपीवर येऊन भाकरी थापायच्या. पोर फडाच्या कडेला पाचटावर झोपवलेलं. पोटुशी बाई सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत मोळ्या वाहते आणि बाळंत झाल्यावर थोड्याच दिवसांत पुन्हा फडात उतरते. तिला कुणी निवडून दिलेलं नाही आणि तिच्यावर कुणी व्याख्यानमाला घालणार नाही. शारदाबाईंचं स्मरण करताना ही बाई मनात आली नाही, तर ते स्मरण एका घराण्याच्या कौतुकापाशी थांबेल. ते तिथं थांबू नये, म्हणून मी मुद्दाम इथं आले.

माझ्या आईचं नाव या भागात कुणाला माहीत नाही. आमचं गाव इंदापूर तालुक्याच्या जिरायत पट्ट्यातलं. 1972 च्या दुष्काळात विहिरी कोरड्या पडल्या, जनावरं विकावी लागली, आणि माझी आई दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. मी तिच्याबरोबर असे. बाभळीच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधून तिनं धाकट्याला निजवलेलं असायचं. मोठा दगड दोन पायांत धरायचा, हातोडीनं हाणायचा, ढपले उडायचे. डोळ्यात कण जाऊ नये म्हणून ती मान वाकडी करून घाव घालायची. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, त्या संध्याकाळपर्यंत तांबड्या झालेल्या. खडीचा ढीग लागला की मोजणी ब्रासवर, आणि ढीग नीट रचला नाही तर मुकादम माप कमी धरायचा. म्हणून दिवस मावळताना आई ढिगाच्या कडा हातानं सारख्या करत बसायची. मस्टरवर अंगठा उमटवायची. सुकडी मिळायची ती आधी आम्हाला, मग तिला. पुढं वाचायला लागल्यावर मला कळलं की त्या वर्षांत महाराष्ट्रभर लाखो माणसं अशा कामांवर होती, त्यांत बायकांचा वाटा फार मोठा होता, आणि त्यातूनच पुढं रोजगार हमीचा कायदा आला. जगाला उदाहरण ठरलेली योजना. तिच्या पायातली खडी माझ्या आईसारख्यांनी फोडली. आमच्या घरात मात्र ते दुष्काळाचे दिवस म्हणूनच सांगितले जातात, आईनं केलेलं काम म्हणून कधी नाही.

इंदापूरच्या उत्तरेला उजनीच्या फुगवट्यात जी गावं गेली, तिथल्या बायकांचंही तेच. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पळसदेवचं जुनं पळसनाथाचं देऊळ वर येतं, माणसं होडीतून बघायला जातात, फोटो काढतात. देवळाच्या भोवती घरं होती. धरण 1980 मध्ये पुरं झालं, त्याआधी ती घरं उठली. सामान गाडीत भरलं पुरुषांनी, पण नव्या जागी चूल मांडणं, पाण्याची जागा शोधणं, शेजार जोडणं, पोरांची शाळा धरणं हे बायकांनी केलं. पुनर्वसनाच्या कागदांत खातेदाराचं नाव आहे. चूल मांडणारीचं नाही.

पुन्हा काटेवाडीला येते. शारदाबाईंच्या आयुष्यातला दुसरा एक प्रसंग पवारांनी आपल्या आत्मकथेत सांगितला आहे. गावातला एक मोकाट वळू जखमी होऊन पडला होता. शारदाबाई त्याच्यापाशी गेल्या आणि त्याच्या अंगावरून हात फिरवू लागल्या. जनावर बिथरलेलं होतं, ते उठलं आणि त्यांच्यावर चालून आलं. त्यांना तुडवलं. मांडीचं हाड मोडलं. पाय कायमचा अधू झाला, आणि पुढचं सगळं आयुष्य त्या कुबडी घेऊन चालल्या.

आपण या प्रसंगातून दया हा गुण उचलतो. तो आहेच. मला त्याच्या पुढचं दिसतं. ज्या घरात अकरा लेकरं, शेत, गडीमाणसं, येणारे-जाणारे, त्या घराची कर्ती बाई कुबडीवर आली. ढेकळांतून, पाटाच्या काठानं, पावसाळ्यातल्या चिखलातून कुबडी कशी टेकवायची? जिथं दुसरी बाई दहा पावलांत पोचते तिथं हिला आधी जमीन पाहावी लागते. तरी घर मोडलं नाही, मुलांची शिक्षणं थांबली नाहीत. मुलगेच शिकले असं नाही, मुलीही शिकल्या. त्या काळात खेड्यातल्या शेतकरी घरात चार मुलींना शिकवायचं म्हणजे प्रत्येक इयत्तेला गावाला आणि भावकीला उत्तर द्यावं लागे. एक लेक सरोज, पुढं शेतकरी कामगार पक्षाचे नेते प्रा. एन. डी. पाटील यांच्याशी विवाहबद्ध झाल्या आणि स्वतः सामाजिक कामात राहिल्या. एक मुलगा आप्पासाहेब, त्यांनी 1971 मध्ये बारामतीत कृषी विकास प्रतिष्ठान उभारलं. पाझर तलाव, ठिबक, फळबागा, जिरायत भागाला पाण्याचा हिशेब शिकवण्याचं मोठं काम त्यांच्या हातून झालं. धाकटे प्रतापराव ‘सकाळ’मध्ये. तीन मुलांना पद्म पुरस्कार मिळाले. हे सगळं खरं आहे, पण मुलं मोठी झाली म्हणून आई मोठी, हे माप मला मान्य नाही. मुलं साधी शेतकरी राहिली असती तरी शारदाबाईंचं काम तेवढंच भरलं असतं.

त्या घराचं वेगळेपण मला दुसऱ्याच एका गोष्टीत दिसतं. घरात शेतकरी कामगार पक्षाचं वातावरण होतं. शारदाबाईंची स्वतःची मतं डावीकडं झुकणारी, शेतकऱ्याच्या आणि कष्टकऱ्याच्या बाजूची. एक मुलगा, शरद, मात्र विद्यार्थिदशेतच काँग्रेसमध्ये गेला. 1959 मध्ये बारामतीचे खासदार केशवराव जेधे गेले आणि बारामती लोकसभेची पोटनिवडणूक 1960 मध्ये लागली. शेकापनं उमेदवारी दिली थोरल्या वसंतरावांना. काँग्रेसनं दिली जेध्यांच्या मुलाला, गुलाबरावांना. संयुक्त महाराष्ट्राचे ते तापलेले दिवस. वीस वर्षांचाही न झालेला धाकटा भाऊ काय करणार, याकडं सगळ्यांचे डोळे. तेव्हा वसंतरावांनीच त्याला सांगितलं की तुझी निष्ठा काँग्रेसशी आहे, माझ्याविरुद्ध प्रचार करायला कचरू नकोस. धाकट्यानं प्रचार केला. थोरला भाऊ हरला.

हे दोन भावांमधलं बोलणं. आई त्यात दिसत नाही, पण ते बोलणं कुठल्या स्वयंपाकघरात वाढलं, याचा विचार करा. आपल्याकडं ग्रामपंचायतीच्या एका जागेवरून सख्खे भाऊ बांधावरून बोलायचे थांबतात. जावा-जावांत पाण्याचा तांब्या दिला जात नाही. आणि इथं लोकसभेच्या निवडणुकीत भाऊ विरुद्ध बाजूंना असूनही घर एकच राहिलं. मतभेद घरात राहू द्यायचे आणि माणसं तुटू द्यायची नाहीत, ही शिकवण कुठल्या शाळेत मिळत नाही. ताटं वाढताना, भांडणं सोडवताना, एकाची बाजू घेताना दुसऱ्याला कमी न लेखता, वर्षानुवर्षं कुणीतरी ती शिकवलेली असते. आईपणाचं हे काम मला सगळ्यांत अवघड वाटतं, आणि त्याला ना पाहणारं कुणी ना मोजणारं कुणी.

गोविंदरावांबद्दलही बोललं पाहिजे. पत्नीच्या निष्ठेवर आपल्याकडं पोथ्या आहेत. पतीच्या निष्ठेवर फारसं कुणी लिहिलेलं नाही. 1938 साली बारामतीसारख्या भागात ज्याची बायको निवडणुकीला उभी राहते, पुण्याला बैठकांना जाते, त्या नवऱ्याला चावडीवर, बाजारात, पाव्हण्यारावळ्यांत काय काय ऐकावं लागलं असेल, याची कल्पना आपण करू शकतो. त्यांनी ते मनावर घेतलं नाही. घरातलं आणि बाहेरचं काम एकट्याच्या पदरात न टाकता दोघांनी मिळून ओढलं, म्हणून शारदाबाई बोर्डावर टिकल्या. संसाराला वाहून घेणं असेल तर ते दोघांनी घ्यायचं, हे त्या घरानं करून दाखवलं. आज सरपंच बाईच्या खुर्चीत शेजारी तिचा नवरा बसतो आणि सह्या तिच्या, बोलणं त्याचं, असं आपण जागोजागी पाहतो. अशा वेळी गोविंदरावांची आठवण शारदाबाईंइतकीच काढायला हवी.

शारदाबाई 1975 साली गेल्या. मुलगा शरद तेव्हा राज्यात मंत्री होता. 1994 मध्ये तो मुख्यमंत्री असताना महाराष्ट्रानं देशातलं पहिलं महिला धोरण आणलं, आणि त्याच वर्षी वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क देणारी दुरुस्ती राज्यानं केली. देशभर तो हक्क 2005 मध्ये आला. आईच्या कर्तृत्वाचा या विचारांशी संबंध असल्याचं पवारांनी अनेकदा सांगितलं आहे. कायदा झाला, तरी आपल्या तालुक्यांत काय चाललं आहे, ते तलाठी कार्यालयाबाहेर उभं राहून पाहा. बहिणींना गाडीत घालून आणायचं, चहा-भजी द्यायची आणि हक्कसोडपत्रावर सह्या घ्यायच्या. साडीचोळी दिली की झालं. ती बहीणही सही करते, कारण तिला माहेर हवं असतं. ज्या सभागृहात आपण आईचं स्मरण करतो, त्या सभागृहातल्या किती भावांनी बहिणीचं नाव सात-बारावर राहू दिलं आहे, हे ज्याचं त्यानं मनाशी पाहावं. शारदानगरला शारदाबाईंच्या नावाचं महिला महाविद्यालय आहे. बारामती-इंदापूरच्या मुली तिथं येतात, शिकतात. त्यांच्याशी बोलताना मी नेहमी विचारते, तुमच्या आजीनं कुठलं काम केलं? बहुतेक मुली सांगतात, काही नाही, घरीच होती. मग मी पुढं विचारते, घरात म्हशी किती होत्या, दूध कोण घालायचं, भाजीचा वाफा कोण पाहायचं, बाजारात कोण जायचं. हळूहळू पानभर काम निघतं, आणि त्या मुलीचा चेहरा बदलतो.

म्हणून या व्याख्यानमालेच्या संयोजकांकडं माझं एक मागणं आहे. पुणे जिल्हा लोकल बोर्डाच्या 1938 पासूनच्या बैठकांची इतिवृत्तं जिथं कुठं उपलब्ध असतील तिथून मिळवा. शारदाबाई कोणत्या बैठकांना हजर होत्या, काय बोलल्या, कोणत्या गावच्या विहिरीसाठी, कोणत्या शाळेसाठी त्यांनी मागणी केली, ते शोधून एक पुस्तिका काढा. इतिहासाचे विद्यार्थी या तालुक्यात आहेत, त्यांना हे काम द्या आणि त्याचा खर्च या व्याख्यानमालेतून करा. आणि जे इथं श्रोते म्हणून आले आहेत, त्यांनी घरी गेल्यावर आई हयात असेल तर तिच्याजवळ बसून एका वहीत लिहून घ्यावं : लग्न होऊन आल्यावर घरात काय होतं, कोणती जमीन तिनं सारखी केली, दुष्काळात ती कोणत्या कामावर गेली, कुठली विहीर खणताना तिनं माती वाहिली, कुणाची बाळंतपणं केली, कुणाच्या शिक्षणासाठी काय विकलं. गावांची नावं, साल, रक्कम, जे आठवेल ते. पुढच्या वर्षी या व्यासपीठावरून व्याख्यानाऐवजी त्या वह्यांतली पानं वाचली गेली, तर ज्या आईच्या नावानं आपण इथं जमलो आहोत तिच्या लेकीनं पहिलं पान वाचावं, असं मी आत्ताच सुचवून ठेवते.